पुरुषांस प्रवेश नाही

"हलू नका काकू, मिशी तिरकी बसेल."

"बसू दे की. इनामदार हाय मी. माझी मिशी मी म्हणेन तिकडं वळते," अनुसयाकाकू म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. हसल्यामुळे मिशी खरोखरच तिरकी बसली. मी ती उपटली, ओल्या फडक्याने डिंक पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

रथसप्तमीची दुपार होती. साखर कारखान्याचा हंगाम जोरात चालू होता, हवेत मळीचा तो गोडसर कुबट वास होता, आणि क्लबच्या हॉलमागच्या खोलीत आम्ही सगळ्या बायका एकमेकींना पुरुष बनवत होतो. कोणी धोतराचा काचा मारत होती, कोणी भुवया जाड करत होती. कारखान्यात साखरेचा पाक शिजवणाऱ्या पॅनमनची बायको मंगल तेवढी नाटकात बाईच होती. ती इनामदारांची मुलगी, त्यामुळे तिला दागिने मिळाले होते आणि बाकीच्यांना त्याचं वाईट वाटत होतं.

कारखान्याच्या वसाहतीतलं आमचं हे भगिनी मंडळ. भोंडला, पाककृती, नऊवारी खोचून खेळायचे रिंग टेनिसचे सामने, सगळं व्हायचं. पण मंडळाचा खरा सण म्हणजे रथसप्तमीचं नाटक. सगळी कामं बायकांनी करायची, पेटी-तबला बायकांनी वाजवायचा, पडदासुद्धा बाईच ओढणार. आणि बघणाऱ्याही फक्त बायका. हॉलच्या दारावर पाटी लागायची, 'पुरुषांस प्रवेश नाही'. वायरमन दिवे लावून दुपारच्या आत निघून जायचा. एका वर्षी खुद्द कार्यकारी संचालक हार घालून घ्यायला आले होते, त्यांना दारातूनच चहा पाजून परत पाठवलं होतं म्हणे. लहान मुलगे चालायचे, पण शाळेत नाव घातलं की बंद. त्यामुळे दारावर दरवर्षी कुणाचा तरी घोडा बालवाडीत असल्याचं शपथेवर सांगितलं जायचं.

मंडळ काढलं अनुसयाकाकूंनी, हा नियमही त्यांचाच. कामगारांची हजेरी घेणाऱ्या टाइमकीपर नाईकनवऱ्यांची ही बायको, बार्शीकडची, शिक्षण चौथीपर्यंत. पण स्टेजवर उभी राहिली की हॉलमधली तान्ही पोरंदेखील गप्प बसायची. दरवर्षी नाटकातला मुख्य पुरुष त्याच व्हायच्या. मी लग्न होऊन वसाहतीत आले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी मला प्रॉम्प्टर केलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तू लई बोलती. विंगेत बसून बोल, कामाला यील."

त्या वर्षीचं 'उंबरगावचे इनामदार' हे काकूंचं शेवटचं नाटक होतं. नाना, म्हणजे त्यांचे यजमान, पावसाळ्याआधी निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं आणि गावाकडच्या घरी जायचं ठरलं होतं. त्यात दिवाळीनंतर काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, वाचायचं नाही, वाकायचं नाही, धुरात बसायचं नाही. चष्मा लागला तो इतका जाड भिंगाचा, की इनामदाराच्या तोंडावर तो चढवणं शक्यच नव्हतं. म्हणजे काकू स्टेजवर निम्म्या आंधळ्या उभ्या राहणार. मुख्य भूमिका या वर्षी दुसरीला द्यावी असं दोघीतिघींनी हळूच सुचवून पाहिलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढं एक करू द्या बायांनो. ह्यात एक जरी वाक्य चुकलं तरी मी आपणहून फेटा काढीन. पण चुकायची न्हाई."

त्यानंतर मला बाजूला घेऊन त्यांनी माझा हात धरला. इतका घट्ट की बांगडी रुतली. "शैला, मला नीट घेऊन जा गं पार शेवटापर्यंत," म्हणाल्या.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना.

वाचायला बंदी असून त्यांनी एवढी मोठी भूमिका पाठ कशी केली, हे मला कळलं नव्हतं. विचारलं की म्हणायच्या, "केली कशीतरी." तालमीत मात्र एक गंमत व्हायची. चांगलं धाडधाड बोलत असताना त्या मध्येच थांबायच्या. विसरल्यासारख्या नाही, वाट बघितल्यासारख्या. मी घाईघाईने पुढचं वाक्य द्यायची, तर वैतागायच्या. "अगं वाक्य येतंय मला. वाक्य नको देऊ. नुसतं ढकल."

"ढकलू म्हणजे काय करू, काकू?"

त्यांना ते सांगता यायचं नाही. "राहू दे, जमंल," म्हणून त्या पुन्हा मागच्या वाक्यापासून सुरू करायच्या, आणि त्या वेगात अडलेली जागा ओलांडून जायच्या. तालमीत हे चालून गेलं. नाटकात मागे जाऊन पुन्हा पळत यायची सोय नसते, याची धास्ती मला होती.

मिशी शेवटी सरळ बसली. मी वारा घालत डिंक वाळवू लागले. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याने दिलेला गोंद काकूंच्या कातडीला सोसायचा नाही, लगेच पुरळ उठायचं. म्हणून त्यांच्या मिशीला नेहमी घरचा डिंक.

"टिकेल ना हा?" मी विचारलं.

"टिकतोय की इतकी वर्सं. पहिल्या वर्सी तेवढा..." काकू बोलता बोलता थांबल्या. "जाऊ दे. फेटा आण."

बाहेर हॉल गच्च भरला होता. डॉक्टरांच्या मिसेस, सुलभाताई कोटणीस, मंडळाच्या कार्यवाह होत्या. त्या पडद्यापुढे उभ्या राहून अहवाल वाचू लागल्या. हा अहवाल दरवर्षी तोच असायचा, तरी कोणी कुजबुजलं तर सुलभाताई थांबून चष्म्यावरून बघायच्या. नियमाला इतकी पक्की बाई मी दुसरी पाहिली नाही. भोंडल्यात खिरापत ओळखताना दुसरीने खूण केली म्हणून त्यांनी स्वतःच्या जावेला बाद केलं होतं.

"...मंडळाच्या पहिल्याच नाट्यप्रयोगात पुरुष प्रेक्षकांच्या असभ्य वर्तनामुळे प्रयोग अर्धवट थांबवावा लागला," सुलभाताई वाचत होत्या. "तेव्हापासून पुरुषांस प्रवेश बंद करण्यात आला. ज्या सभासद भगिनीच्या घरचा पुरुष प्रयोगात डोकावेल, तिने त्या वर्षी रंगमंचावर पाऊल ठेवू नये, असाही नियम करण्यात आला. हा नियम आजवर एकदाही मोडलेला नाही."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. विंगेत माझ्याशेजारी उभ्या असलेल्या काकूंनी मात्र वाजवल्या नाहीत. त्या काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

पडदा वर गेला आणि पहिला अंक असा रंगला म्हणून सांगू! काकूंनी काठी आपटली की पुढच्या रांगेतल्या बायका दचकत होत्या. सतरंजीच्या कडेवरून पायाने अंदाज घेत त्या स्टेजभर फिरत होत्या, कुठे अडखळल्या नाहीत. मुलगी मनाविरुद्ध लग्न करते म्हणून इनामदार तिला घराबाहेर काढतो, तिथे मंगल खरंच रडली. त्यात तिचं काजळ ओघळलं आणि प्रसंग आणखीच करुण झाला.

दुसऱ्या अंकात इनामदारांचं एक लांबलचक स्वगत होतं. मुलगी निघून गेल्यावर तो ओसरीवर एकटाच बसून बोलतो. काकू आरामखुर्चीत बसल्या. हॉलमध्ये कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

"या हातांनी तिला अंगणात चालायला शिकवलं," काकू म्हणाल्या. "ती पडली की मीच हसायचो, आणि मीच उचलायचो..."

आणि थांबल्या.

नाटकातला थांबा वाटावा इतका वेळ गेला. मग त्याहून जास्त गेला. मी विंगेतून पुढचं वाक्य दिलं, "आज उचलायला हात पुढे होत नाही." काकूंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी पुन्हा दिलं, जरा मोठ्याने. त्यांनी मान माझ्याकडे वळवली, पण त्यांना माझा आकारसुद्धा धड दिसत नव्हता. मी तिसऱ्यांदा दिलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायकांनाही पाठ झालं असेल. काकूंचा हात हळूहळू फेट्याकडे गेला.

हात धरून शेवटापर्यंत नेते म्हणून कबूल केलेली मी, तिथे नुसती संहिता धरून बसले होते.

तेवढ्यात विंगेतल्या खिडकीबाहेरून आवाज आला. पुरुषाचा. कोरडा, सपाट, हजेरी घेतल्यासारखा.

"हं, पुढे?"

काकूंचा हात फेट्यावरून खाली आला. "आज उचलायला हात पुढे होत नाही," त्या म्हणाल्या, आणि बांध फुटल्यासारखं सगळं स्वगत त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. अंक संपला, पडदा पडला आणि टाळ्या सुरू झाल्या. पण टाळ्यांच्या खालून दुसराच गलका उठला होता. हॉलभर बायका एकमेकींना विचारत होत्या, कोण गं तो? कुणाचा गं तो?

हॉलमध्ये तो पुसटच पोचला असेल, पण विंगेत आम्हाला विचारायची गरज नव्हती. टाइम ऑफिसच्या खिडकीतला तो आवाज कारखान्यातल्या प्रत्येकाच्या बायकोला ओळखीचा होता.

सुलभाताई आत आल्या. चेहरा गंभीर. पण त्यांनी तोंड उघडायच्या आतच काकूंनी फेटा काढून टेबलावर ठेवला.

"काकू, अहो..."

"नियम माझाच हाय, सुलभाताई. ज्या बाईच्या घरचा पुरुष डोकावेल तिनं पाऊल ठेवायचं न्हाई. तिसरा अंक शैला करंल. तिला समदं पाठ हाय."

मला पाठ होतं हे खरं. पण इनामदार होऊन मी उभं राहायचं? आणि तेही काकूंच्या शेवटच्या नाटकात, त्यांच्या डोळ्यांदेखत! मी खिडकीशी गेले आणि तिच्यावर टांगलेली चादर ओढून बाजूला केली.

बाहेर पाण्याच्या टाकीखाली, कडुलिंबाच्या सावलीत, एक लोखंडी खुर्ची होती. तिच्यावर नाना बसले होते. खाकी कोट, डोक्याला काळी टोपी, हात गुडघ्यांवर. आमच्याकडे पाठ करून.

"नाना!" मी हाक मारली.

त्यांनी मान वळवली नाही. "कोण, शैला का? मी काय बघितलं न्हाई हां. पाठ करूनच बसलोय."

"पण तुम्ही बोललात."

"बोललो. चुकलं." ते म्हणाले, "घरी अडकली की मी असंच म्हणतो. त्या सवयीनं तोंडातून गेलं. दिवाळीपासनं रोज संध्याकाळी मीच वाचून दाखवतोय तिला. ती एक वाक्य म्हणती, मी म्हणतो हं पुढे, ती पुढचं म्हणती."

ढकलणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. काकूंना वाक्य नको होतं, ते दोन शब्द हवे होते. त्यांनी सगळी भूमिका त्या दोन शब्दांसकट पाठ केली होती.

आता खिडकीशी बायकांची झुंबड उडाली. निम्म्या मिशा लावलेल्या, निम्म्या उतरवलेल्या.

"नाना, तुम्ही आजच आलात ना इथे?" सुलभाताईंनी कोर्टात विचारावं तसं विचारलं.

"न्हाई. दरवर्सी येतो."

"दरवर्षी?"

"अर्ध्या दिवसाची रजा टाकून. पोटदुखी म्हणून."

माझे यजमान घरी हसून सांगायचे ते मला आठवलं. नाईकनवऱ्यांचं पोट वर्षातून एकदाच दुखतं, आणि तेही भर हंगामात! सगळ्या कारखान्यात ही थट्टा चालायची. कधीही रजा न घेणारा माणूस. रथसप्तमीचं आणि पोटाचं नातं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"नियमात बघायचं न्हाई असं हाय," नाना तसेच पाठमोरे म्हणाले. "ऐकायचं न्हाई असं कुटं हाय?"

काकू इतका वेळ मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या तशी बायकांनी वाट दिली. खिडकीच्या गजांना धरून त्या नानांच्या पाठीकडे बघत राहिल्या. त्यांना ती कितपत दिसत होती कोण जाणे.

"दरवर्सी?" त्यांनी विचारलं.

"हं."

"आणि मी घरी येऊन समदं नाटक पयल्यापासनं सांगायची तुमाला. कोण काय बोललं, कुणाचं धोतर सुटलं. भाकरी करत करत सांगायची. तुमी ताटावर बसून विचारायचा, हं, पुढे? हं, पुढे? समदं ऐकलेलं असून?"

"ऐकल्यालं होतं. बघितल्यालं कुटं होतं? तू सांगायचीस तवा दिसायचं."

मंगलने परत एकदा डोळे पुसले, आता काजळ उरलंच नव्हतं.

काकू वळल्या. "अहवालात वाचतो न्हवं आपण, पुरुष प्रेक्षकांचं असभ्य वर्तन? ते पुरुष प्रेक्षक कोण, हे इतक्या वर्सांत एकीनं बी विचारलं न्हाई."

"कोण?" सुलभाताईंनी विचारलं.

काकूंनी खिडकीबाहेर बोट केलं. "पयल्या वर्सी मी सुभेदार झालते. डिंक ओला राह्यला आन् माझी मिशी सुटली. हे पयल्या रांगेत बसल्याले. पयलं हे हसले. मग सगळा हॉल. मी तोंड झाकून पळाले आत, नाटक तिथंच थांबलं. रात्रभर बोलले न्हाई ह्यांच्याशी. सकाळी उठून नियम केला. आता एकट्या नवऱ्यालाच बंदी कशी घालायची? लोक विचारतील का म्हणून. तवा मग समद्यांनाच घातली."

मंगल ओरडली, "अगं बया! म्हंजे माझा सासरा, माझे दोन दीर, माझा नवरा, समदे ह्या एका हसण्यापायी भाईर? माझा नवरा दरसाल पाया पडतोय, एकदा तरी बघू दे म्हणून!"

सगळ्या हसत सुटल्या. सुलभाताईसुद्धा तोंडाला पदर लावून वळल्या. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्या पुन्हा खिडकीकडे गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "का हसला तुमी त्या दिवशी? त्यो प्रश्न मी कधी इचारला न्हाई, खरंय. पण तुमी बी सांगितलं न्हाई."

नानांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "आबा दिसले."

"कोण आबा?" मंगलने मागून विचारलं.

"माझे वडील. त्या मिशीत तू हुबेहूब आबा दिसायला लागलीस. तेच डोळे वटारणं, तसंच काठी आपटणं. मी खुर्चीत सावरून बसलो बघ. आबांपुढं जन्मात कधी वर मान केली न्हाई मी. आन् तेवढ्यात आबांची मिशी लोंबायला लागली." नानांचे खांदे हलले. "न्हाई आवरलं. चाळिशीला आलो तवा पयल्यांदा आबांना हसलो."

काकूंचा सासरा मी पाहिला नव्हता. पण काकूंनी त्याच्या हाताखाली बरीच वर्षं काढली होती. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलं नाही, मग मिशीचं एक टोक थोडं हललं. "आबा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आबाची मिशी लोंबली व्हय!" आणि घाईने गजांवर कपाळ टेकलं. हसू येत होतं की रडू, ते मला ओळखता आलं नाही. दोन्ही असावं.

"या आत," काकू म्हणाल्या. "या, पुढच्या रांगेत बसा. शेवटचं नाटक हाय माझं."

"नको."

"का?"

"एकदा तुझं नाटक मोडलंय. आता तुझा नियम कशाला मोडू?"

नाईकनवरे नवराबायको हट्टाला एकमेकांना भारी होते. आत यायला ते तयार नाहीत, फेटा घालायला ह्या तयार नाहीत, आणि बाहेर हॉलमध्ये बायकांनी तिसऱ्या अंकासाठी पाय आपटायला सुरुवात केली होती. आम्ही सगळ्या सुलभाताईंकडे बघायला लागलो. मला त्यांची खरंच भीती वाटत होती. एका शब्दावर काकूंचा तिसरा अंक जाणार होता.

सुलभाताईंनी हातातला अहवाल उघडला, नियम मनातल्या मनात वाचला, आणि घसा साफ केला. "नियमात 'डोकावेल' असा शब्द आहे," त्या म्हणाल्या. "पाठ करून बसलेला माणूस डोकावत नाही. कार्यवाह म्हणून माझा निर्णय असा आहे की नियम मोडलेला नाही. अनुसयाकाकू, फेटा घाला."

"आणि तिसऱ्या अंकात त्यांनी तोंड इकडे केलं तर?" मी न राहवून विचारलं.

सुलभाताईंनी माझ्याकडे कडक नजरेने पाहिलं. मग चष्मा काढला, घडी केली आणि चष्म्याच्या घरात ठेवून घर बंद केलं. "मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही," म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावत लावत हॉलमध्ये जाऊन बसल्या.

काकूंनी फेटा चढवला. खिडकीपाशी जाऊन त्या म्हणाल्या, "ऐकलं न्हवं? आता तोंड इकडं करा."

नानांनी उठून खुर्ची उचलली, वळवली आणि खाली ठेवली. इतक्या वर्षांत खुर्चीच्या पायांनी तिथल्या मातीत खळगे पाडले होते, त्यामुळे ती नव्या जागी नीट बसेना. त्यांनी ती दोनदा हलवून पाहिली. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसले. मी चादर पूर्ण काढून टाकली.

तिसरा अंक सुरू झाला. काकूंनी तालमीतली सगळी जागाच बदलून टाकली. इनामदाराची बैठक होती स्टेजच्या मधोमध, त्या येऊन उभ्या राहिल्या विंगेच्या बाजूला तोंड करून, खिडकीसमोर. हॉलमधल्या बायकांना अख्खा अंक एका अंगाने बघावा लागला. पण कुणी कुरकुर केली नाही. सगळ्यांना गोष्ट कळली होती, मंगलने ती मध्यंतरात हॉलभर पोचवली होती. निम्मा हॉल काकूंकडे बघत होता आणि निम्मा मान वाकडी करून खिडकीकडे.

नाना हलत नव्हते. पापणी लवते की नाही असं वाटत होतं. इतकी वर्षं ऐकलेलं सगळं आता दिसत होतं त्यांना, फेटा, काठी, ती चाल. काकू थांबल्या की त्यांचे ओठ आपोआप हलायचे. आवाज काढायची गरज पडली नाही. मी विंगेत नुसती बसून होते, मला कोणी विचारत नव्हतं.

शेवटचा प्रवेश आला. मुलगी परत येते, इनामदार तिला बघून उठतो. काकू उठल्या. संध्याकाळ होत आली होती, दिव्यांनी स्टेज तापलं होतं, आणि काकू घामाने निथळत होत्या.

"पोरी," इनामदार म्हणाला, "माझ्या हट्टापायी..."

आणि मिशी सुटली.

डाव्या बाजूने सुटली आणि उजव्या बाजूला लोंबायला लागली. काकूंच्या हनुवटीवर ती डुलत होती, बोलल्याबरोबर आणखी डुलली. मंगलने ते पाहिलं आणि ओठ गच्च आवळले. हॉलमध्ये कोणी श्वास घेईना. एकीच्याही तोंडून हसू फुटलं नाही, आणि सगळ्यांचे डोळे खिडकीकडे गेले.

नानांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी मांडीवरची टोपी उचलली आणि तोंडावर दाबून धरली. गालफडं फुगली, डोळ्यांत पाणी आलं, पण हसू बाहेर येऊ दिलं नाही. मला वाटलं, हा माणूस आता गुदमरणार.

काकूंचा हात तोंड झाकायला वर आला. अर्ध्यावर थांबला. खाली गेला. त्यांनी कमरेवर हात ठेवले, डोळे वटारले, आणि लोंबत्या मिशीनिशी सरळ खिडकीकडे बघून इनामदाराच्या करड्या आवाजात म्हणाल्या,

"हं, पुढे?"

पहिले नाना हसले. मग सगळा हॉल.

काकू पळाल्या नाहीत. खिडकीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून, सगळ्यांचं हसून होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग मिशी उपटून खिशात घातली, आणि नाटक पुरं केलं.